भिंतीमागची टिकटिक

"मीटरला हात लावू नका असं मावशीनं बजावलंय," खारू दबक्या आवाजात म्हणाली. पण तिची धाकटी बहीण मुंगी ते गळ्यात अडकवून केव्हाच दाराबाहेर सटकली होती.

सुट्टीत घरी कोणी नव्हतं, म्हणून मावशीनं तिघांना हॉस्पिटलात आणलं होतं. तिघं म्हणजे बारा वर्षांची खारू, सात वर्षांची मुंगी आणि मावशीचा मुलगा वकील. तो कशावरही वाद घालायचा, म्हणून हे नाव. मावशीचं खातं तळघरात होतं. तिच्याकडे रोज सकाळी एक पेटी यायची. तिच्यात शिशाच्या जाड डबीत किरणोत्सर्गी औषधाची इवलीशी बाटली असायची. ते औषध टोचलं की रोग्याच्या आतलं दुखणं यंत्रावर दिसे. आज नऊ वाजले तरी पेटीचा पत्ता नव्हता. "सात वाजताच पोचवली," गाडीवाला फोनवर सांगत होता. मावशीचा चेहरा पार उतरला आणि ती तडक गेटवर चौकशीला गेली.

खारू आणि वकील मुंगीच्या मागे धावले. बोळ लांबलचक आणि ओसाड होता. निम्मे दिवे गेलेले, आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज मागून कोणी येत असल्यासारखा वाटे. मुंगीच्या गळ्यातलं किरणोत्सर्ग मोजणारं मीटर संथपणे बोलत होतं. टिक... टिक...

"एवढी टिकटिक सगळीकडेच असते," वकील म्हणाला. "मातीतून, हवेतून. आई सांगते."

मग बोळाच्या टोकाशी, फळ्यांच्या भिंतीपाशी मुंगी थबकली. टिकटिक दाट झाली होती. कोणीतरी पलीकडून नखांनी फळी खरवडावी तशी.

"ताई, आत कोण आहे?" मुंगीचा आवाज बारीक झाला.

खारूच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी तिनं मुंगीला मागे ओढलं आणि मीटर आपल्या हातात घेतलं. चार पावलं मागे सरताच टिकटिक विरळ झाली. हात लांब करून तिनं मीटर पुन्हा फळीकडे नेलं. टिकटिक वाढली.

"भूतबीत नाही," ती पुटपुटली. "मावशीची पेटी आहे."

"पुरावा काय?" वकिलानं विचारलं.

खारू उत्तर देणार, तोच टिकटिक आपोआप मंदावू लागली. तिघंही जागच्या जागी उभे होते. मीटर हललं नव्हतं.

"ते चाललंय," वकील कुजबुजला. या वेळी त्यानं पुरावा मागितला नाही.

कुठूनतरी चाकांची कुरकुर ऐकू आली. पुढच्या वळणावरून चादरींनी शिगोशीग भरलेली ढकलगाडी बाहेर आली. मागे चादरी वाटणारे काका होते. गाडी जवळ येऊ लागली तसं मीटर तडतडायला लागलं.

"मुंगे, पळ! मावशीला बोलावून आण," खारू म्हणाली. मुंगी पळत सुटली.

वकील शेजारच्या लिफ्टच्या दारात आडवा उभा राहिला. "काका, गाडी कुठे चाललीय?"

"लहान मुलांच्या वॉर्डात. हो बाजूला, उशीर झालाय मला."

"पण चादरी कधी टिकटिकतात का?"

"खेळणं घेऊन दुसरीकडे जा रे," काका वैतागले आणि त्यांनी गाडी पुढे रेटली.

काका ऐकणार नाहीत, हे खारूनं ओळखलं. मग तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवला. "काका, त्या पेटीच्या पावतीवर तुमचीच सही आहे म्हणे."

"माझी सही? सही गेटवाल्यानं केली. त्यानं ती माझ्या खोलीत ठेवली, मी फक्त गाडीत..." काकांनी जीभ चावली.

खारूनं पावती पाहिलीसुद्धा नव्हती.

"गाडीत खाली ठेवली होती," काका ओशाळून म्हणाले. "परतताना तुमच्या मावशीकडे देणार होतो. पेटीचा कोपरा चेपलेला होता, माझ्यावर आळ येऊ नये म्हणून वर चादरी टाकल्या."

"काका, गाडीपासून लांब या," खारू म्हणाली. या वेळी काका मुकाट्यानं मागे सरले.

मावशी धावतच आली. तिनं सगळ्यांना बोळाच्या टोकाला पिटाळलं, हातमोजे चढवले आणि एकेक चादर बाजूला केली. पिवळ्या लेबलावरची तीन काळी पाती, किरणोत्सर्गाची खूण, दिसली. तिनं पेटीजवळ मोजलं, मग दूरवरून मोजलं. मग पेटी आणि चादरी कागदानं पुसून तो कागद दूर नेऊन मीटरखाली धरला. सगळे श्वास रोखून ऐकत होते.

टिक... टिक...

"गळती नाही," मावशी म्हणाली, आणि तेव्हाच तिनं हातमोजे उतरवले.

दहाच्या सुमारास पहाटेपासून उपाशी बसलेल्या रोग्याची तपासणी सुरू झाली. औषधाचा जोर तासातासाला ओसरतो. दुपारपर्यंत ते वायाच गेलं असतं. मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. यापुढे पेटी या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाच्याच हातात द्यायची, आणि तो येईपर्यंत कुलपाच्या खोलीत ठेवायची, असं त्यांनी गेटवाल्याला आणि फोनवरून गाडीवाल्याला तिथल्या तिथे सुनावलं.

"मीटर न विचारता नेलंत, त्याचं घरी बघू," मावशी मुलांना म्हणाली. मग तिनं तिघांनाही जवळ ओढलं.

काका दाराशी घुटमळत होते. "पेटी मुलांच्या वॉर्डात राहिली असती तर?" त्यांनी खारूला विचारलं.

खारूनं मावशीकडे पाहिलं.

"कदाचित काहीच झालं नसतं," मावशी म्हणाली. "पण आमच्या खात्यात 'कदाचित' चालत नाही."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. मोठ्या माणसांशी करतात तसं त्यांनी खारूशी, वकिलाशी आणि टाचा उंचावून उभ्या असलेल्या मुंगीशी हस्तांदोलन केलं.

"आज वरच्या मजल्यावर चाळीस मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वतीनं."