गळ्याला दिलेला ताण

पांढुर्ण्याहून तिगावला जाताना डाव्या हाताला भगवंतरावांचा संत्र्याचा बगीचा लागतो. घर बगीच्यातच. घरात भगवंतराव, त्यांची बायको कलाबाई, मुलगा विनोद आणि सून उर्वशी. उर्वशी तिगावच्या शाळेत लहान मुलांना शिकवते आणि सोमवारी बायकांच्या भजनी मंडळात टाळ वाजवते. लग्न होऊन आल्यापासून तिने टाळच वाजवला होता आणि दुसऱ्यांच्या मागे ओळी म्हटल्या होत्या. आपला आवाज नेमका कसा आहे, हे तिला स्वतःलाही धड माहीत नव्हतं.

गेल्या महाशिवरात्रीला मंडळाचं भजन मोहगावच्या महादेवासमोर झालं. परत येताना जीपमध्ये उपवासाचा चिवडा फिरत होता, आणि उर्वशी एकदम बोलून गेली, "पुढच्या शिवरात्रीले एक भजन मी एकटी म्हणीन."

पेटीवाले सुधाकरराव पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "म्हणा न वहिनी. महादेव भोळाच हाये," ते म्हणाले आणि जीपभर हशा पिकला.

उर्वशीही हसली, पण ते तिला लागलं. घर सासरचं, पोरं शाळेची, दिवस ज्याच्या त्याच्या कामाचा. एवढी एक गोष्ट आपली असावी, असं तिला त्या जीपमध्ये फार वाटलं. आठवडा उलटायच्या आत तिने बाजारातून विजेवर चालणारी सुरपेटी आणली. खताची पोती ठेवायच्या खोलीत एक कोपरा झाडून सतरंजी टाकली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून रियाजाला बसू लागली. दाराला आतून कडी घालायची, कारण दार उघडं दिसलं की हळदीचा डबा कुठे आहे हे विचारायला कुणीतरी यायचंच. ध्येयही तिने बेताचंच ठेवलं होतं. आईकडून ऐकलेलं महादेवाचं एक भजन, आणि त्यातली वर चढणारी एक जागा. तिथे तिचा आवाज दरवेळी फाटायचा. तो न फाटता वर जायला हवा, एवढंच.

पहिले काही दिवस कलाबाईंनी कुरकुर केली. मग त्यांनाच सवय झाली. रियाज संपायच्या सुमाराला त्या कोमट पाण्याचा पेला दाराबाहेर ठेवू लागल्या. पावसाळा गेला, दसरा गेला. रियाज चुकला तर उर्वशीला दात न घासता बाहेर पडल्यासारखं वाटायला लागलं. खर्ज भरू लागला. ती जागा मात्र हुलकावणीच देत होती.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. पोरांची नाचगाणी बसवताना ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. अंगणात बसून भगवंतराव तिचं खोकणं ऐकत होते. त्या दिवसांत बगीच्याचं पाणी तोडलेलं होतं. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाला ताण द्यावा लागतो. पानं मलूल पडेपर्यंत पाणी दाखवायचं नाही, आणि मग सोडलं की झाड फुलांनी लदबदून जातं. बगीचेवाल्यांच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"सूनबाई, गळ्यालेही ताण दे," भगवंतराव म्हणाले. "संक्रांतीपर्यंत बंदच ठेव गाणं. मंग पाहजो कसं फुटते ते."

"खरंच मामाजी?"

"मी काय मजाक करून राहिलो का? चाळीस वर्षं झाडं पाहून राहिलो मी."

तिला ते पटलं. तिच्या जागी त्या घरातल्या कुणालाही पटलं असतं. तिने सुरपेटीवर फडकं टाकलं, सतरंजी गुंडाळून पोत्यांना टेकवली आणि खोलीला बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी ती उजाडेपर्यंत झोपली.

चहा गाळताना कलाबाई म्हणाल्या, "आज लय गोड लागला वं सूर."

सासू टोमणा मारतेय असं समजून उर्वशी हसली. पण कलाबाईंच्या तोंडावर टोमण्याचं काही चिन्ह नव्हतं. पोत्यांच्या खोलीबाहेर पेला होता, आणि तो रिकामा होता. मांजर पिऊन गेलं असेल, असं म्हणून तिने तो विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी विनोद बगीच्यातून फेरी मारून आला आणि डोक्याचा रुमाल सोडत म्हणाला, "विहिरीपर्यंत ऐकू येऊन राहिलं होतं. घसा सुधरला तुहा."

"मी गायलेच नाही. मामाजींनी बंद करायला सांगितलं न."

"बरं, नाही गायली," तो डोळे मिचकावत म्हणाला. तिचं गुपित राखल्यासारखा चेहरा करून तो आंघोळीला गेला.

मग ती मुद्दाम जागी राहू लागली. विनोद पहाटे बगीच्यात गेला की अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन ऐकायची. रेल्वेगाडी जायची, वाळलेली पानं जमिनीवर पडायची, कलाबाईंच्या बांगड्या वाजायच्या. गाणं तिला कधीच ऐकू आलं नाही. पण उठून पाहावं तर पेला रिकामा आणि कलाबाई प्रसन्न. ती अंथरुणात असताना त्यांनी झोपायच्या खोलीत कधी डोकावून का पाहिलं नाही, हे तिला विचारावंसं वाटलं. सून रियाजाला बसलीये हे कानांना कळत असताना कोण कशाला पाहील? घरातल्या माणसांना हे सांगायचं तरी काय?

नाताळच्या सुट्टीत ती सौंसरला बहिणीकडे, रूपालीकडे राहायला गेली. पहिल्याच सकाळी तिने रूपालीच्या फोनवरून घरी फोन लावला. कलाबाईंनी उचलला तो कुजबुजतच.

"रूपाली का? थोड्या वेळानं कर वं. तुही बहीण रियाज करून राहिली."

उर्वशीने फोन कानाला आणखी दाबला. काल संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून द्यायला हीच सासू फाटकापर्यंत आली होती.

"ऐक, ऐक. तुलेही ऐकवतो," कलाबाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी फोन दाराकडे धरला असावा.

सुरपेटी वाजत होती. तिचीच सुरपेटी, तिनेच लावलेल्या स्वरात. त्यावर कुणाचाच आवाज नव्हता. नुसती ती घुमत होती, आणि मध्येच कलाबाईंचा हळू आवाज आला, "वा! पाह्य, आज कशी चढली! फाटली नाही जराबी."

उर्वशीने फोन ठेवला. ती जागा साधली, तिच्याशिवाय साधली, हे कळल्यावर तिला भीतीच्या आधी रडू आलं.

ती घरी परतली तेव्हा खोलीची कडी बाहेरून लावलेली होती, सतरंजी पोत्यांना टेकलेली, सुरपेटीवर फडकं. तिने विषय काढला नाही. कलाबाईंनीही काढला नाही. सून सौंसरहून आली म्हणून त्यांनी तिला खुशाली विचारली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. रोजच्यासारख्याच.

संक्रांत झाली. भगवंतरावांनी बगीच्याला पाणी सोडलं आणि उर्वशी पुन्हा सतरंजीवर बसली. बोलताना आवाज ठणठणीत होता, वर्गात पोरं दचकत होती. पण सूर धरायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची. सा सुद्धा नाही.

"फुटत नाही मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली.

ते आळ्यात वाकून ओल पाहत होते. "ताण देताना खालून कुठं पाणी झिरपत असलं, तर झाड आपल्याले फसवते," ते म्हणाले. "वरून वाटते सुकलं. अन् आतून ते दुसऱ्याच पाण्यावर वाढून राहते." मग त्यांनी मान वर केली. "पण तुहं तर लय मस्त चालू हाये. मी रोज ऐकून राहिलो."

फेब्रुवारीत बगीचा फुलला. तो वास अंथरुणापर्यंत यायचा. मंडळाला नाही म्हणून टाकावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती जीप आठवायची. ऐनवेळी येईल, देवासमोर येईल, असं मनाशी घोकत ती शिवरात्रीला विनोदबरोबर मोहगावला गेली.

दुपारची वेळ होती. देवळात बेलाचा आणि ओल्या फरशीचा वास भरला होता. मंडळाची दोन भजनं झाली. सुधाकररावांनी माइक तिच्यापुढे सरकवला आणि पेटीवर सूर दिला.

तिने तोंड उघडलं.

हवा आली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. आता हशा पिकेल, असं तिला वाटलं.

पेटी थांबली नाही.

सुधाकररावांची बोटं भजनाच्या चालीवर चालत होती. श्वास घ्यायच्या ठिकाणी ती थांबत होती आणि पुन्हा निघत होती. टाळ लागले. खांबाला टेकलेला एक म्हातारा डोलू लागला. उर्वशी ओठ घट्ट मिटून बसली होती.

चाल त्या जागेपाशी आली.

समोरच्या बाईने तोंडावर हात ठेवला. विनोदचे डोळे भरून आले होते.

मग सगळं संपलं. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. कुणी म्हणालं, वर्षभराच्या मेहनतीचं चीज झालं. सुधाकरराव पेटी बंद करून तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, चुकलो मी. माफ करा. पुढच्या वर्षीही तुम्हीच."

"नाही," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ते "नाही" तिचं तिलाच ऐकू आलं नाही; नुसती हवा आली.

सुधाकररावांनी मात्र तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदा ते हसलेसुद्धा.

"ठरलं मंग," ते म्हणाले.