सुताचा गुंता, माणसांचा इम्ब्रोलियो

"गो, पाय उचल! जाळ्यावर उभी आसस."

तेजस्वी दचकली. बघते तर वाळूत मांडी ठोकून बसलेला किरण! कपाळावर ओली बट, आणि डोळ्यांत... जाऊ दे. पलीकडच्या रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या दुसऱ्या टोळीतला तो. त्याच्याशी बोलायची सोय होती कुठे?

त्या सकाळी शिरोड्याच्या किनाऱ्याजवळ बांगड्यांचा थवा दिसला, आणि दोन्ही रापणींनी पाळी सोडून एकदमच जाळी टाकली. पाण्याच्या ओढीने जाळ्यात जाळं अडकलं. मासे निसटले, वर कडाक्याचं भांडण! आता दोन्हीकडची माणसं गाठी सोडवत बसली होती, एकमेकांकडे न बघता.

तेजस्वीही बसली. बी.कॉम. झाल्यापासून बँकेच्या परीक्षेचे शब्द तिच्या तोंडी असत.

"इम्ब्रोलियो... इम्ब्रोलियो..."

"माका शिव्या घालतंस?" किरण म्हणाला.

"इंग्रजी शब्द आसा तो! खूप माणसा अडकतत, अशी लाजिरवाणी भानगड."

"वाक्यात वापर मगे."

"तुझो काको नि माझो बापूस—" तिने जीभ चावली.

किरण हळूच हसला. "म्हणजे सुताचो तो गुंतो. माणसांचो झालो की इम्ब्रोलियो!"

तिचे हात थांबले. खरंच की! सुताला कुठे मान-अपमान असतो? म्हणून तर ते सुटतं... गाठीपाशी बोटांना बोटं लागली. कुणीच हात मागे घेतला नाही.

शेवटची गाठ मात्र सुटता सुटेना. किरणचा काका सुरी घेऊन उठला.

"कापून टाकतंय त्यांचा जाळा!"

तेजस्वीचे बाबाही ताडकन उभे राहिले. आज बाबांचं जाळं कापलं, की ही दोन घरं जन्मात बोलणार नाहीत. आणि मग ती दोघं...?

किरणने सुरी काकाच्या हातून घेतली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. आणि आपल्याच जाळ्याचं सूत कापलं.

"गाढवा, ह्या काय केलंस?"

"आपलाच कापलंय, काकानू."

तेजस्वी उठली, बाबांच्या पिशवीतली जाळं शिवायची सुई घेतली, आणि सगळ्यांदेखत त्याच्या बाजूला जाऊन बसली.

"ह्या शिवूक खूप दिवस लागतले," तो पुटपुटला.

"लागांदेत," ती नजर न उचलता म्हणाली. "माका खंय घाई आसा?"

बाबा लांबूनच खाकरले.

"धागो घट्ट ओढ गो."