लाल माशाच्या झाकणाखाली

बाळांनो, जरा कल्पना करा. ओहायोतली शनिवारची सकाळ, शाळेचं गारठलेलं जेवणघर, आणि तिथं बसलेल्या पोरांपैकी एकही तुमच्या बाजूचं नाही.

मार्लीस ओडेल तशीच बसली होती. गणिताची परीक्षा सुरू व्हायची होती. शाळेतून पहिला येणाऱ्या एकालाच कॉलेजची फुकट जागा मिळणार होती. ती हुकली, तर मार्लीससाठी कॉलेज नव्हतंच.

मागून ब्रेडन हॅस्किन्सनं हात वर केला. "सर, हिचा कॅल्क्युलेटर बघा. तो समीकरणं स्वतःच सोडवतो. त्याला बंदी आहे."

पर्यवेक्षक प्रॉबर्ट सरांनी मार्लीसच्या बाकावरचा कॅल्क्युलेटर उचलला. हाताला तो हलका लागला. काळं झाकण तिचंच होतं. त्यावर तिनं नेलपॉलिशनं काढलेला लाल मासा होता. सरांनी झाकण सरकवलं. आत खरंच बंदी असलेलं यंत्र होतं.

"हा माझा नाही," मार्लीस म्हणाली.

"झाकण तुझं आणि आतला माल शेजाऱ्याचा होय?" पलीकडच्या बाकावरच्या वेड नावाच्या पोरानं टोमणा मारला. पोरं फिदीफिदी हसली. असं यंत्र सापडलं की थेट घरी, हा नियम सगळ्यांना पाठ होता.

सरांनी तिला विचारलं, कॅल्क्युलेटर तुझ्या हातातून कधी सुटला? ती म्हणाली, ओळखपत्र तपासताना सगळ्यांनीच तो दारातल्या टेबलावर ठेवला होता. आणि रांगेत तिच्यामागे ब्रेडन होता.

"म्हणून तर दिसलं," ब्रेडन म्हणाला. "रांगेत ही त्यावर समीकरणं सोडवत होती. पडद्यावरची उत्तरं वाचली मी."

"नक्की ह्याच यंत्रावर?"

"ह्याच. किती वेळा सांगू, सर?"

सरांनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

"बॅटरी आत्ताच संपली असेल," ब्रेडन म्हणाला.

सरांनी यंत्र उलटं करून मागची पट्टी काढली. बॅटरीच्या खाचा रिकाम्या होत्या. आतल्या स्प्रिंगांवर हिरवा गंज चढला होता.

"परीक्षेच्या आधी तुम्ही सगळे नव्या बॅटऱ्या घालता," सर म्हणाले. "ज्याला हे यंत्र वापरायचंच नव्हतं, त्याला ते सुचलं नाही. ह्यावर आज कुणीही काही सोडवलेलं नाही, ब्रेडन. शिवाय तू हात वर केलास तेव्हा झाकण बंद होतं. आत काय आहे हे मार्लीसला माहीत नव्हतं. तुला होतं, कारण टेबलावर तिचं झाकण तूच ह्याला चढवलंस. बॅग उघड."

भिंतीशी ठेवलेल्या त्याच्या बॅगेतून मार्लीसचा कॅल्क्युलेटर निघाला, बिनझाकणाचा, पाठीवर तिचं नाव कोरलेला.

ब्रेडन कुणाकडेही न बघता बाहेर गेला. दार आपटलं. हसणारी पोरं आता आपापल्या बाकाकडे बघत होती. वेडनं, चुकलं म्हणत, आपली टोकदार पेन्सिल मार्लीसपुढे सरकवली.

मार्लीसनं माशाचं झाकण आपल्या कॅल्क्युलेटरवर चढवलं. पेन्सिल तिनं परत सरकवली, स्वतःची बोथट पेन्सिल उचलली आणि पहिलं उदाहरण वाचायला घेतलं.