अठरा सेकंद

मुकुंदराव म्हणजे घड्याळाचा माणूस. चाकणच्या, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं टाइम स्टडी केला. टाइम स्टडी म्हणजे कामगाराच्या बाजूला उभं राहायचं, स्टॉपवॉच तळहातात धरायचं, त्याचं बटण अंगठ्यानं दाबायचं आणि त्याच्या कुठल्या हालचालीला किती सेकंद लागतात ते कागदावर उतरवायचं. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. पिंपळे सौदागरच्या सोसायटीत लिफ्ट सातव्या मजल्यावर किती वेळात येते, हे ते पाहुण्यांना त्यांनी न विचारताच सांगत. "अहो, निदान माझ्या श्वासांवर तरी घड्याळ लावू नका," असं अरुंधतीबाई म्हणत.

त्यामुळे जानेवारीत उजवा अंगठा थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी आधी तो मोजला. सेकंदाला पाच. मग डॉक्टरांकडे गेले.

चिंचवडच्या डॉ. सुखदा वयानं तरुण, पण घाईतल्या नव्हत्या. त्यांनी मुकुंदरावांना चालवून पाहिलं, चिमटीची उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहून घेतली. मग पार्किन्सनचं नाव घेतलं.

"मेंदूच्या तळाशी काळपट पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हालचालीला लागणारं रसायन तिथं तयार होतं. त्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, काका. काहींचा हात तर थरथरतही नाही, नुसता मंदावतो, मध्येच अडतो. चेहरा हलत नाही, त्यामुळे माणूस उर्मट वाटतो. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं. लोकांना वाटतं, मुद्दाम करतोय."

मुकुंदराव समोरच्या ओळीकडे बघत राहिले. त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर आठवलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी प्रेस नंबर चारवर ज्योतीराम नावाचा कामगार होता. लातूरकडचा, चाळिशीचा, अबोल. ते पगारवाढीच्या कराराचं वर्ष होतं. अशा वर्षी कामगार हात आखडता घेतात, हे मॅनेजमेंटनं गृहीतच धरलेलं असतं. त्यात ज्योतीरामचं काम संथ झालं. मुकुंदराव तीन दिवस त्याच्या बाजूला उभे राहिले. डावीकडचा पत्रा उचलायचा, समोरच्या डायवर म्हणजे साच्यावर ठेवायचा, पिनवर बसवायचा, हात बाहेर काढायचा, बटण दाबायचं, तयार जॉब उजवीकडच्या बिनमध्ये टाकायचा. सहा पायऱ्या, बारा सेकंद. ज्योतीरामला अठरा लागत. तिसऱ्या पायरीवर पत्रा पिनपाशी न्यायचा आणि तसाच थांबायचा. तोंडावर रेषा हलायची नाही.

"साहेब, म्या मुद्दाम करत न्हाई. हातच थांबतोय," तो म्हणाला होता.

"आमचे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत," मुकुंदराव म्हणाले होते, आणि आजूबाजूचे चारजण हसले होते. मुकुंदरावांनाही तेव्हा बरं वाटलं होतं. त्यांच्या त्या स्टडीच्या कागदाच्या आधारे ज्योतीरामला कामावरून काढलं.

गुढीपाडव्याच्या दुपारी जेवण झाल्यावर मुकुंदराव खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता. थरथर थांबली आणि हात उठला. डावीकडे गेला, बोटांनी काहीतरी उचललं, समोर ठेवलं, जरा पुढं सारलं. तिथं तो थांबला. मग मागं आला, खाली दाबला गेला, पुन्हा पुढून काहीतरी उचलून उजवीकडे सोडून आला. आणि परत डावीकडे निघाला.

"काय करताय?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"मी काही करत नाहीये."

अरुंधतीबाईंनी मोबाईलवर ते टिपलं. डॉ. सुखदांनी दोनदा पाहिलं. "कंपाला अशा पायऱ्या नसतात," त्या म्हणाल्या. त्यांनी औषध तेवढं बदललं.

मुकुंदरावांनी सवयीनं डाव्या हातात घड्याळ घेतलं. अठरा सेकंद. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा अठरा.

आपल्या प्रत्येक स्टडीची कार्बन प्रत त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती. ज्योतीरामचा कागद सापडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या पायरीसमोर आठ सेकंद. शेऱ्यात त्यांचंच टपोरं अक्षर : "कामगार हेतुपुरस्सर थांबतो. वृत्ती उर्मट." खाली ज्योतीरामची सही. पहिलं अक्षर मोठं, मग प्रत्येक अक्षर आधीच्याहून बारीक, शेवटचं तर मुंगीएवढं. एवढं डोळ्यांसमोर होतं आणि आपण घड्याळ बघत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. एक माणूस औषधावाचून, नोकरीवाचून राहिला, तो केवळ आपल्या शेऱ्यामुळे. जाऊन पाय धरायचे, असं त्यांनी ठरवलं. बोलता येतंय तोवरच. कारण आवाजही दिवसेंदिवस खोल चालला होता.

युनियनच्या जुन्या भीमराजकडून पत्ता मिळाला. चऱ्होलीत नव्या टॉवरांच्या मागं एक चाळ उरली आहे, तिथं. रिक्षानं गेले, एकटेच. अरुंधतीबाईंना सोबत येऊ दिलं नाही.

दारात त्यांचा पाय अडला. उंबऱ्यापाशी दोन्ही तळवे जमिनीला चिकटल्यासारखे झाले. आतून एक बाई आल्या. कोण, कुठले, काही विचारलं नाही. आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवलं.

"माझ्या पायावरून टाका पाय. हां. येतंय बगा."

पाय सुटला. बाईंना हे एकोणीस वर्षांत पाठ झालं होतं. त्या सुमनताई, ज्योतीरामची बायको. मुकुंदरावांनी नाव सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरचे कपडे उचलून म्हणाल्या, "बसा. च्या टाकते."

ज्योतीराम कॉटवर उशांना टेकून बसला होता. चेहरा गुळगुळीत, डोळे तेवढे जिवंत. दोन्ही हात चादरीवर पडले होते.

"बोलणं गेलंय त्यांचं. कळतंय समदं," सुमनताई म्हणाल्या. "हात लई चालायचे. कंपनी सुटली तरी दिसभर पत्रं उचलायचे. म्या म्हणायची, आवं, सुट्टी झाली की आता. पर पाडव्यापसनं बगा, एकदम गप."

मुकुंदरावांनी मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

त्यांनी रिक्षात घोकलेलं वाक्य म्हटलं. "ज्योतीराम, माझं चुकलं. तू खरं बोलत होतास."

आवाज ओठांच्या बाहेर पडलाच नाही.

"काय म्हणलाव?" सुमनताई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला की. त्यांनाबी ऐकू जाऊ द्या."

ते पुन्हा बोलायला गेले. तेवढ्यात मांडीवरचा हात उठला.

डावीकडे गेला. उचललं. ठेवलं.

सुमनताईंच्या हातातला कप तसाच राहिला. "ह्ये तुमाला कुणी शिकिवलं?"

हात पुढं सरकला आणि थांबला.

ज्योतीरामची नजर त्या हातावर होती. तिच्यात राग नव्हता. काम बघणाऱ्याची नजर होती ती, मुकुंदरावांच्या चांगल्या ओळखीची.

चादरीवर काहीतरी हललं. ज्योतीरामचा उजवा तळहात हळूहळू उताणा झाला. चार बोटं आत वळली. वाटोळं काहीतरी धरल्यासारखी. अंगठा वर राहिला.

मुकुंदरावांचा हात मागं आला. दाबलं. उचलून उजवीकडे सोडलं.

ज्योतीरामचा अंगठा खाली गेला, वर आला.

पुढचा पत्रा. मुकुंदरावांनी जीव तोडून हात लवकर चालवायचा प्रयत्न केला. बाजूला घड्याळ असलं की सगळेच करतात. डावीकडे, समोर, पुढं.

तिसऱ्या पायरीवर हात थांबला.

"मी मुद्दाम करत नाहीये," मुकुंदराव म्हणाले. या वेळी आवाज स्वच्छ, खोलीभर ऐकू आला.

ज्योतीरामच्या तोंडावर रेषा हलली नाही. अंगठा वर धरून तो थांबला होता.