होकार कुणाचा?

तैवानमधल्या चिआयी शहराच्या इस्पितळात डॉक्टर च्वांग अकरा वर्षं तीच चार वाक्यं बोलत आले होते. "मावशी, यिंगचा मेंदू गेलाय. श्वास चाललाय तो यंत्राचा. तिचं काळीज, यकृत दुसऱ्यांना जगवू शकतं. तिला काय आवडलं असतं?"

पूर्वी चौथ्या वाक्याला आत काहीतरी हलायचं. आता ते नुसता चष्मा पुसत.

"मला काय विचारता?" यिंगची आई म्हणाली. "तिलाच विचारते."

गेलेल्यांना विचारायची रीत तीच: तिनं दहा-दहाची दोन नाणी काढली, "देशील ना?" म्हणत खाटेशेजारी फरशीवर टाकली. एक छापा, एक काटा, म्हणजे होकार. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. तीनदा आला की पक्का. आईनं सहीसाठी पेन उचललं.

"थांब ताई!" यिंगचा मामा म्हणाला. "नाव, जन्मवर्ष सांगितलंस का? नुसतंच 'देशील ना?' विचारलंस. नाव नसलं की जवळपास जो कुणी गेलेला असेल, तो उत्तर देतो."

आईचं पेन खाली आलं. लेकीच्या मर्जीविरुद्ध तिला सुरी लागली असती.

"लिन यिंग, सशाच्या वर्षातली. देशील?"

दोन्ही काटे. तीनही वेळा नकार.

"मग मघाशी हो म्हणालं कोण?"

"माझ्याकडे बघू नकोस," मामा म्हणाला. "माझं यकृत दारूत मुरलंय. त्याचं लोणचंच होईल."

तरी तिनं नाण्यांना विचारलं, "मघाशी हो म्हणणारा हाच का?" नाणी मामाला नाही म्हणाली. तिला स्वतःलाही नाही. खोलीत उरले डॉक्टर.

"तुमचं वर्ष कुठलं?"

"वाघाचं," डॉक्टर हसून म्हणाले.

होकार.

होकार.

तिसऱ्या वेळी एक नाणं गरगरत त्यांच्या बुटाला टेकलं आणि आडवं झालं. होकार.

आठात एकदा येतंच असं, डॉक्टरांनी मनाशी म्हटलं. खरं तर घाबरायला हवं होतं. तेही जमलं नाही.

फॉर्म कोराच राहिला. शेवटचा श्वास आपल्या घरात, म्हणून यिंगला न्यायचं ठरलं. खाट निघाली तशी आई हाका घालू लागली, "यिंग, वळण आलं हं. आता लिफ्ट. मागं राहू नकोस, बाळा." वाट सांगावी लागते. नाहीतर गेलेलं माणूस चुकतं.

लिफ्टच्या दारात ती थबकली. वळून, त्याच मायेच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, तुमचं घर वाटेत असेल तर तुम्हालाही हाक मारते. कुठं राहता?"

डॉक्टरांनी पत्ता सांगितला.