दुधाच्या रांगेतली माफी

आमची पहिली भेट झाली ती त्याच्या दुधात बॉल पडल्यामुळे.

कोडोलीच्या एका शाळेत मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. मैदानाच्या भिंतीपलीकडे दूध संस्था. एका संध्याकाळी एकीनं टोलवलेला बॉल भिंत ओलांडून थेट उघड्या कॅनमध्ये गेला आणि संस्थेचा सचिव शर्टावर दुधाचे शिंतोडे घेऊन फाटकात हजर!

“मॅडम, मशीनवर लावून बघितलं, ह्या बॉलला फॅट लागंना. माघारी घ्या.”

हसू दाबत मी म्हटलं, “पावणं, कॅनला झाकण असतंय की!”

“कॅनला हाय. तुमच्या तोंडाला न्हाय. रोज ऐकतोय भिंतीपलीकडनं.”

शशिधर त्याचं नाव. उंच, सावळा, तालमीत मोडलेले कान... मी फणकारले खरी, पण सराव संपल्यावर रोज त्या भिंतीपाशी रेंगाळायला लागले, हेही कबूल करते.

मग पेठ वडगावच्या मुलींशी मैत्रीचा सामना झाला. शेवटच्या क्षणी आमची कॅचर पवित्रा हिच्या ग्लोव्हमधून बॉल निसटला आणि आम्ही एका रनने हरलो. “हाताला तूप लावून आलीस काय गं?” मी सगळ्यांदेखत ओरडले. बघे खो खो हसले. मला माझ्या कोचनी असंच शिकवलं होतं. मला वाटायचं, कोच म्हणजे दरारा.

दुसऱ्या दिवसापासून पवित्रा यायची बंद झाली. संघात नेमक्या नऊ मुली. शनिवारी तालुक्याची स्पर्धा, आणि आठ जणींना कोण खेळू देणार?

“पवित्रा सकाळी दूध घालायला येती,” शशिधरनंच विषय काढला. “डोळं सुजल्यात पोरीचं. ग्लोव्ह माघारी देणार म्हणती.”

“म्हणजे चुकलं तरी बोलायचं नाही?”

“बोला की! पण आमचं वस्ताद हरलेल्याला पयल्यांदा थंडाई पाजायचं, मग कान धरायचं. जिंकलेला मागनं प्यायचा. म्हणून तर धा कुस्त्या हरून बी मी तालीम सोडली न्हाय.”

मला भयंकर राग आला. खरं बोललेलं झोंबतंच.

सकाळी साडेसहाला मी दुधाच्या रांगेत उभी राहिले, रिकाम्या हातानं. “मॅडम, म्हस घेतली व्हय?” एका बाईनं विचारलं. पुढे पवित्रा होती, किटली छातीशी धरून, मान खाली. चारचौघांत बोलले होते, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी होती.

“पवित्रा, चुकलं माझं. तुझा हात एकदा सुटला, माझी जीभ रोज सुटते. येशील का गं परत?”

शशिधर माप घालायचं विसरून माझ्याकडेच बघत राहिला... आणि त्या तसल्या वेळीही मी केस सारखे केले!

पवित्रानं किटली पुढे केली आणि हळूच म्हणाली, “सराव किती वाजता हाय, मॅडम?”

मी तिथंच रडले.

शनिवारी तिच्या हातून पुन्हा एक बॉल सुटला. तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी टाळी वाजवली, “असू दे, पुढचा आपला!” पुढचा तिनं पकडलासुद्धा. तरी आम्ही हरलोच. नऊच्या नऊ पोरी मात्र गाणी म्हणत टेम्पोत चढल्या.

शशिधर आला होता. “हरलासा की, मॅडम.”

“हरलो. पण नऊ जणी घेऊन चाललेय घरी... तुमच्यामुळे.” मग धीर करून म्हटलं, “तोंडावर खरं सांगणारं माणूस मला — जन्मभर लागणार हाय.”

कुणालाही फटकन बोलणारा तो गडी लालेलाल झाला. “जन्मभर... म्हंजे?”

“म्हणजे तेच.”

तो खाली बघत मोडका कान चोळायला लागला. टेम्पोतून पवित्रा ओरडली, अगदी माझ्या वरताण, “ओ काका, व्हय म्हणा की!”

“व्हय,” तो म्हणाला. पोरींना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा एकदा, मैदानभर ऐकू जाईल असं सांगितलं.