चांगदेवांच्या खोलीतलं पाणी

एप्रिल १९९५. सोमवारी सकाळी राजेंद्र नगरातल्या एका गल्लीत पंढरीनाथची स्कूटर बादल्यांच्या रांगेत अडकली. नळाला एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी आलं होतं. मागच्या सीटवरून कुमुदिनीताई शांतपणे उतरल्या. पंढरीनाथला मात्र हॉर्न वाजवल्याशिवाय राहवेना.

"भिया, हॉर्न मत बजाओ!" हंडा धरलेली एक बाई खेकसली. "गुरुवार को आया था, शनिवार को टोंटी सूखी रही, अब आज आया है. घर में पीने को नहीं है!"

पंढरीनाथने मुकाट्याने स्कूटर ढकलली. पोलोग्राउंडजवळच्या सूतगिरणीत तो टाइमकीपर होता, गिरणी बंद पडली आणि गळ्यात कॅमेरा आला. कुमुदिनी पागनीस या शहरातल्या नावाजलेल्या खासगी तपासनीस. विमा कंपन्यांना ज्या क्लेमचा संशय यायचा ते त्यांच्याकडे यायचे, आणि पंढरीनाथ नुकसानीचे फोटो काढायचा. फोटो तो उत्तम काढी. त्यात काय दिसतंय, हे बहुतेक वेळा ताईंनाच सांगावं लागे.

दारात विमा कंपनीचे अधिकारी जयसिंगराव घड्याळ बघत उभे होते.

"मॅडम, केस सरळ आहे. पाच वाजता रिपोर्ट द्या. या नवरा-बायकोने स्वतःच पाणी सोडून माल बुडवलाय. यांनी लिहून दिलं, क्लेम मागे घेतला, तर ठीक. नाहीतर पोलीस."

आत चांगदेव आणि मीराबाई भिंतीला टेकून उभे होते. चांगदेव दुसऱ्या एका गिरणीतले विणकर, नोकरी गेलेले. मीराबाईने मागच्या खोलीत चार शिलाई मशिनी मांडल्या होत्या. जूनसाठी शाळेच्या तीनशे गणवेशांची ऑर्डर होती. कपडा आता कुजत होता आणि मशिनींच्या जमिनीलगत बसवलेल्या मोटरी गेल्या होत्या.

"शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी सगळे महूला गेलो," चांगदेव म्हणाले. "जयंती होती नं. माझे वडील तिथे पलटणीत होते, सगळे रिश्तेदार तिथेच. शनिवारी रात्री परत आलो, तर घरात पानीच पानी. कुलूप जसंच्या तसं."

"नळ?"

चांगदेवांनी मान खाली घातली. "खुला होता."

"आणि मोरीत कापडाचा बोळा!" जयसिंगराव गरजले. "नळ उघडा, मोरी बंद. अजून काय पुरावा पाहिजे? कालच सांगितलं मी यांना, दारातच."

दारातच, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पंढरीनाथला ते आवडलं नाही.

कुमुदिनीताईंनी मागची खोली उघडली. "पंढरी, एकही कोपरा सोडू नकोस."

त्याने एकेक फोटो काढला. कोरडं छत. मोरीतली पितळी तोटी, स्वच्छ, चकचकीत. मशिनींचे काळे बिडाचे पाय, आणि जमिनीपासून चार बोटांवर त्यांच्यावर उमटलेली पांढरी, खरखरीत रेघ. मोरीच्या समोरच्या बाजूला जाळीची खिडकी, तिच्याखाली एकावर एक रचलेली तीन खोकी. सगळ्यात वरचं खोकं भिजून फाटलं होतं.

"हे वरचं कसं बरं भिजलं?" तो पुटपुटला. ताई नखाने ती पांढरी रेघ खरवडून बोटावर चोळत राहिल्या.

मग त्यांनी मीराबाईला स्वयंपाकघरात गाठलं. "बोळा कुणी घातला?"

"मला काय माहीत," मीराबाई म्हणाली.

"बाई, मी पोलीस नाही."

मीराबाईचे डोळे भरून आले. "बाहेरगावी जाताना मी नेहमीच घालते, ताई. मोरीतून उंदीर वर येतात, कपडा कुरतडतात. हे साहेबांना कसं सांगू? आणि यांची आदत अशी की पानी गेलं की तोटी खुलीच ठेवायची, म्हणजे परत आलं की आवाज येतो. दोघांनी मिळून आपलंच घर बुडवलं."

चांगदेवांना अंगणात गाठलं, तर त्यांची वेगळीच तऱ्हा. "बोळा मीच घातला. लिहून घ्या. मिसेसचं नाव नको. छब्बीस साल गिरणीच्या गेटवर रोज झडती दिली, कधी धागा सापडला नाही. आता या उमरमध्ये तिला पोलीस थाण्यात बसवू का?"

पंढरीनाथने कॅमेरा खाली घेतला. त्याच गिरणीच्या नाही, पण तसल्याच गेटवर तो उभा राहिलेला होता.

वरच्या मजल्यावर शार्दूल राहत होता. वर्षापूर्वी पुण्याहून आलेला, पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन्ही मजल्यांचे घरमालक देवासला असायचे, आणि बोरिंगची लाइन त्यांनी वरच्या मजल्यापुरतीच घेतली होती.

"मला चोवीस तास पाणी असतं," तो म्हणाला. "खालच्यांचं मात्र सारखं बादल्या-बादल्या. शनिवारी पहाटे साडेपाचला त्यांचा नळ धो धो वाहताना ऐकला मी. अर्धा-पाऊण तास. जयसिंगरावांना सांगितलंय."

"शुक्रवारी तर सुट्टी होती. घरीच होतात?"

"दुपारी मित्रांकडे होतो. संध्याकाळी आलो."

ताई मागच्या गॅलरीत गेल्या. कठड्याला लागून कूलर होता, त्यात सोडलेला लांब पाइप, आणि कूलरच्या वाळ्यावर पांढरा थर. पंढरीनाथने न सांगता फोटो काढला. उतरताना तो कुजबुजला, "ताई, मालकाचाच हात आहे. भाडेकरू हाकलायचे असतील."

"मालक देवासला आहेत. देवासहून पाणी सोडता येत नाही, पंढरी."

चार वाजता मागच्या खोलीत सगळे जमले. जयसिंगरावांनी कागद पुढे केला. त्यावर टाइप केलेलं होतं, की नुकसान आपण जाणूनबुजून केलं. चांगदेवांनी पेन उघडलं. मीराबाईने तोंडाला पदर लावला.

"थांबा," कुमुदिनीताई म्हणाल्या. "त्या नळातून पाणी आलेलंच नाही."

"उघडा होता ना?" जयसिंगराव म्हणाले.

"उघडा होता. पण शनिवारी गल्लीत पाणीच आलं नाही. सकाळी पंढरीला एका बाईने ठणकावून सांगितलं. गुरुवारनंतर आजच. हे दोघे महूला होते, त्यांना कळलं नाही. तुम्ही दुसऱ्या वस्तीत राहता, तुम्हालाही नाही. आणि ज्याच्या घरी बोरिंग आहे, त्याला नर्मदा आली काय नि गेली काय."

शार्दूलचा चेहरा उतरला.

"कोरड्या नळाचा धो धो आवाज यांनी ऐकला कसा?" ताईंनी मशिनीच्या पायावर बोट ठेवलं. "ही पांढरी रेघ बघा. नर्मदेचं पाणी असं डाग सोडत नाही, ती तोटी बघा, किती स्वच्छ आहे. हे बोरिंगचं खारं पाणी. वर कूलरच्या वाळ्यावर हाच थर आहे. पाणी खोलीत चढलं चार बोटं, पण भिजलं सगळ्यात वरचं खोकं, तेही खिडकीखालचं. छत कोरडं. म्हणजे पाणी खिडकीतून आलं. खिडकीच्या नेमकं वर कुणाची गॅलरी आहे, शार्दूल?"

शार्दूलने जाळीच्या खिडकीकडे पाहिलं.

"कूलर भरायला पाइप लावला होता," शेवटी तो म्हणाला. "तसाच सोडून गेलो. आलो तेव्हा पाइप निसटून खाली यांच्या जाळीला लागला होता. दाराखालून पाणी बाहेर येत होतं. मी घाबरलो, पाइप ओढून घेतला. मग साहेबांनी विचारलं तेव्हा... सुचलं ते बोललो."

"पाइप निसटणं हा अपघात," कुमुदिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण तुमच्या सुचलेल्या वाक्यावर हा माणूस न केलेला गुन्हा कबूल करायला निघाला होता. बायकोचं नाव येऊ नये म्हणून."

मीराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

जयसिंगरावांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "बाहेरून आलेलं पाणी, अपघात. क्लेम बसतो," ते चाचरत म्हणाले. "मी आजच फाइल पुढे सरकवतो."

"काका, जे काही कमी पडेल ते मी भरून देईन," शार्दूल म्हणाला. "पण हे आपल्यातच राहू दे."

चांगदेवांनी पेनचं टोपण लावलं. "नाही. तुमचं काही नको मला. तुम्ही आणि साहेब, दोघं माझ्याबरोबर बाहेर चला."

गल्लीत संध्याकाळची ऊठबस सुरू झाली होती. ओट्यांवरच्या बायका गप्प झाल्या. चांगदेव मधोमध उभे राहिले. शार्दूल जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"जोर से बोलो, भिया," चांगदेव म्हणाले. "काल साहेबांनी मला चोर म्हटलं, ते त्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं."

शार्दूलने मान वर केली, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.